तापलेलं तेल

सून घरीच शिवणकाम करायची. त्या संध्याकाळी तिनं बटाटे तळायला कढईत तेल तापत ठेवलं, तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक बाई आली. कोटाची बाही काखेत काचत होती. "आत्ता बघते," म्हणून ती टेप घेऊन बसली ती बसलीच. बाई गेली आणि हिच्या नाकात जळका वास शिरला.

कढईतलं तेल पेटलं होतं. ज्वाळा वरच्या फळीकडे झेपावत होत्या. वास येऊन सासरेही धावले होते, हातात पाण्याची भरलेली बादली. ट्रक चालवण्यात हयात गेलेला तापट माणूस. सगळे त्यांना नाना म्हणत.

"पाणी नको, नाना!" ती ओरडली.

त्यांनी बादली उचललीच. तिनं दोन्ही हातांनी त्यांना मागं ढकललं. ते बादलीसकट आडवे झाले. तिनं गॅस बंद केला, परात पुढं धरून कढईवर सरकवली. ज्वाळा कडेनं जिभा काढत राहिल्या, मग गुदमरल्या.

नाना ओल्या फरशीवर मनगट धरून बसले होते. "सासऱ्याला ढकललंस," एवढंच ते म्हणाले.

मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. नवरा कामावरून आला तेव्हा तिनंच सांगून टाकलं, "मी ढकललं. पेटत्या तेलावर पाणी पडलं असतं तर भडका त्यांच्या तोंडावर आला असता."

"अगं, धरून बाजूला घ्यायचंस."

"तेवढा वेळ कुठं होता?"

"आणि गॅस सोडून गेलं कोण?" नानांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"मीच गेले," ती म्हणाली.

नाना तिच्याशी बोलेनासे झाले. तिच्या जिवाला थारा नव्हता. मशीनवर बसली की मन शेगडीपाशी, शेगडीपाशी उभी राहिली की नजर ज्योतीवरून हटेना. तिनं तेलाच्या बाटल्या, फडकी शेगडीपासून लांब नेली. शेगडी पेटलेली असली की दार वाजलं तरी जागची हलेना. तरी हात उगाच गॅसच्या बटणाकडे जायचा.

एकदा ती भाजी चिरत असताना नाना येऊन उंबऱ्यात उभे राहिले.

"बादली उचलली तेव्हा मला तू दिसलीच नाहीस," ते म्हणाले. "तुझं ओरडणंही कानात शिरलं नाही. नुसती आग दिसत होती."

"माझंही तसंच झालं, नाना. तुम्हाला लागेल हे डोक्यातच आलं नाही."

"लागलं ते लागलं." ते प्लास्टर कुरवाळत राहिले. "अजून झोपेत दचकतो मी."

"मीसुद्धा."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि तिथंच बसले.

पुढं एका दुपारी शिवता शिवता तिला काहीतरी करपल्याचा वास आला. ती ताडकन उठली.

"बस," नाना म्हणाले. "शेजारच्यांकडचा आहे. मी बघून आलोय, आपला गॅस बंद आहे."

ती बसली. सुईत दोरा ओवू लागली, पण तो जाईना. शेवटी उठून आत गेली आणि स्वतः बघून आली. नानांनी राग धरला नाही. थोड्या वेळानं तेही पुन्हा एकदा बघून आले.