दोनातलं चांगलं

आमच्या घरात कुठलीही वस्तू जोडीने नांदली नाही. एका रविवारी मिस्सेत फादरांनी सांगितलं, दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. बाकीच्यांनी ते ऐकून चर्चच्या पायरीवर सोडलं. आईने घरी आणलं. वर स्वतःची भर घातली, की द्यायचा तो दोनातला चांगला. छत्र्या दोन झाल्या, चांगली गेली. आम्ही भावंडं मोडक्या काडीच्या छत्रीखाली भिजत शाळेत जायचो. बाबा म्हणायचे, "नवरा एकच केलास ते बरं. नाहीतर चांगला म्हणून माझीच रवानगी झाली असती."

आई घरी कपडे शिवायची. तिचं पायमशीन मुलखाचं नाठाळ. जाडंभरडं कापड निमूट शिवायचं, पण गुळगुळीत काही दिसलं की टाके सोडायचं आणि चुण्या पाडायचं. मामाला नोकरी लागली तेव्हा त्याने बहिणीसाठी विजेवर चालणारं नवंकोरं मशीन आणलं. आईने त्यावर माझा फ्रॉक शिवला आणि दिवसभर गुणगुणत राहिली.

मग तिच्या लक्षात आलं, मशीनं दोन झाली.

गल्लीच्या टोकाला एक विधवा राहायची. कपड्यांच्या दुकानासाठी हाताने काजं करायची, म्हणून आम्ही तिला काजवाली म्हणायचो. शिवणात आईच्या तोडीची, फक्त मशीन नव्हतं. तिला नवं दिलं तर आईची निम्मी गिऱ्हाइकं तिच्याकडे जाणार, हे आम्हा पोरांनाही कळत होतं. बाबांनी पहिल्यांदाच थट्टा सोडून समजावलं, जुनं दे, दान ते दानच. आई फादरांना विचारायला गेली. तेही म्हणाले, कुठला अंगरखा द्यायचा हे बायबलात काही सांगितलेलं नाही.

"सांगितलं नाही, म्हणजे आपल्यावर सोडलंय," आई घरी येऊन म्हणाली. "मोडकं काय, कुणीही देतं."

मशीन गेलं. मामाने वर्षभर अबोला धरला. पाठोपाठ चांगली गिऱ्हाइकं गेली, आणि आईकडे उरले गणवेश, पडदे नि उशांचे अभ्रे. मी तिच्यावर कितीतरी दिवस धुमसत होते. आज मात्र त्या पायमशीनच्या खडखडाटासाठी जीव तुटतो. तेलाचा वास, खिडकीतलं ऊन, आईच्या पायाशी बसून बॉबिन भरणारी मी. तेवढं सुख पुढे कुठल्या घरात मिळालं नाही.

माझं लग्न ठरलं, पांढरं सॅटिन आणलं. साऱ्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या आईने एका तुकड्यावर टाके घालून पाहिले. चुणी पडली. दुसऱ्या तुकड्यावर घातले; तीच गत. तिने कापडाची घडी केली आणि आम्ही काजवालीकडे गेलो.

झगा सुरेख झाला. काजवाली शिलाई घ्यायला नको-नको म्हणत होती, आईने ऐकलं नाही. मी झगा घालून उभी राहिले तेव्हा आईने खांद्यापासून खालपर्यंत शिवणीवरून अंगठा फिरवला. परतताना मला पुढे पाठवून ती चर्चमध्ये गेली, पापाची कबुली द्यायला.

लेकीच्या लग्नाच्या तोंडावर असं कोणतं पाप केलंस, म्हणून मी तिला घरी चिडवलं.

"मशीन दिल्याचं वाईट वाटलं मला," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुझा झगा मला शिवायचा होता गं."