उमरग्याचा बॉण्ड आणि ती फिरती खुर्ची

मित्रांनो, बसवकल्याणच्या कोर्टासमोर तात्याराव वकिलांचं ऑफिस आहे. त्याच्या दाराबाहेरचा जुना लाकडी बाक म्हणजे मी. सागाचा आहे बरं का! वकिली सुरू केली तेव्हा तात्यारावांनी मला हौसेनं बनवून घेतलं. कितीतरी पक्षकार माझ्यावर बसले, रडले, भांडले, फडकं सोडून भाकरी खाऊन उठले. कानडी, मराठी, दखनी, सगळ्या बोलीतली गाऱ्हाणी मी ऐकली. "बाक भक्कम हाय बघा," असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचो.

मग ती आली. काळी, गादीची, गरगर फिरणारी खुर्ची! पोलंडहून आलेली मार्ता नावाची बाई सल्ला विचारायला येऊ लागली, म्हणून वकिलांनी ती मुद्दाम बिदरहून आणली. "परदेशी पाहुणीला बाकावर कसं बसवायचं?" म्हणे. माझा नुसता जळफळाट झाला. खुर्चीला रोज फडकं मारायचे, आणि माझ्यावर ओल्या छत्र्या. अंगाची लाही लाही व्हायची!

मार्ता शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचनं शिकायला इथं राहते, सत्यभामाबाईंच्या घरी भाड्यानं. मराठीही त्यांच्याच चुलीपाशी शिकली. तिची राहण्याची परवानगी संपत आली होती. ती वाढवायची तर घरभाड्याचा करार जोडावा लागतो. सत्यभामाबाईंचा भाऊ बालाजी उमरग्याला राहतो. या घराचं लुगडं उमरग्याचं, औषध उमरग्याचं, लग्नाचा बस्तासुद्धा उमरग्याचा. मग कराराचा बॉण्ड, म्हणजे स्टॅम्पपेपरही, त्यानं तिथूनच आणला. पण उमरगा पडला महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात. अर्ज परत आला.

त्यातच एक पोलीस चौकशीला घरी येऊन गेला. आळीनं पाहिलं. सत्यभामाबाईंनी धसकाच घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात आल्या. मार्ता आत खुर्चीवर बसली. सत्यभामाबाई काही केल्या आत जाईनात. पदर तोंडाशी धरून माझ्या कडेला टेकल्या.

आत मार्ता विचारत होती, "वकीलसाहेब, बस तीच, भाषा तीच, माणसं तीच. मग कागद कामून बदलतो?"

"राज्य बदलतं म्हणून," वकील म्हणाले. "इथल्या बॉण्डवर करार तयार हाय. सत्यभामाअक्कांची सही झाली की काम झालं. या आठवड्यात झालं न्हाई, तर मात्र तुम्हाला देश सोडावा लागंल."

बाहेरून सत्यभामाबाई ओरडल्या, "म्या सही करणार न्हाई! पोलीस दारात आलाय. खोली रिकामी कर गं बाई!"

मार्तानं हातातला फोन बाजूला ठेवला. कायद्याची कलमं ती त्यात वाचून आली होती, पण अक्काच्या भीतीबद्दल त्यात काय लिहिलेलं असणार? ती उठली, बाहेर आली आणि थेट माझ्यावर बसली. आत खुर्ची रिकामी! अहाहा, काय सांगू मित्रांनो, माझ्या जिवाला किती गार वाटलं!

"अक्का, मलाबी भ्या वाटायलंय," मार्ता म्हणाली. "इथला कायदा मला कळंना, आणि तुमी न्हाई म्हणायलाव."

मग तात्यारावही बाहेर येऊन माझ्यावरच बसले. आयुष्यात पहिल्यांदा! "अक्का, पोलीस तुम्हाला धराय न्हाई आला. ही इथं राहते का, एवढंच बघाय आला. 'माझ्या घरी राहते' म्हणून तुम्ही सही करून सांगितलं, तर तुमच्यावर काहीच न्हाई. परदेशी माणूस घरात लपवून ठेवलं, तर गुन्हा."

"म्हंजे सही केली तर म्या सुटते?"

"व्हय."

"मंग हे आधी सांगाय काय झालतं? दोघं आत बसून कायदा झाडायलाव!"

वकिलांनी आतून करार आणि पेन आणून दिलं. सत्यभामाबाईंनी कागद माझ्या फळीवर ठेवला आणि जपून एक एक अक्षर काढत सही केली. मग मार्ताच्या पाठीत धपाटा घातला. "आता जा म्हणलं तरी जाता येणार न्हाई तुला. बॉण्ड झालाय!" मार्ता हसता हसता रडायला लागली.

परवानगी वाढून आली. खुर्ची अजून आहेच, आणि मी अजून जळतोच, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या गावात परका माणूस राहायला आला, तर त्याला खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. इथली रीत, इथला कायदा त्याला समजेल असा सांगा, आणि त्याला घरात घेणाऱ्यालाही. त्यासाठी तिघं शेजारी शेजारी बसतील एवढी जागा लागते. तेवढी माझ्यावर आहे. छत्र्या तेवढ्या उचला.