बंद होताना मी एकच प्रश्न विचारतो

मी विसराळू लॅपटॉप बोलतोय. हसू नका, पूर्वी असा नव्हतो. एका वकिलाच्या टेबलावर मी वर्षानुवर्षं अर्ज आणि नोटिसा टाइप केल्यात. पुढे नवे प्रोग्रॅम पेलवेनात, धाप लागायला लागली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला मागून आणलं ते वकिलाचे कोट शिवणाऱ्या मावशींच्या मुलीनं. मुलगी जहाजावर नोकरीला. तिनं माझी मोडकी बिजागरी इलॅस्टिकनं बांधली, पेनड्राइव्हवरून जड विंडोजच्या जागी हलकंफुलकं लिनक्स चढवलं, वायफाय जोडून दिलं. मी पुन्हा तुरुतुरु चालायला लागलो! फक्त या लिनक्सची एक खोड आहे. बंद होताना ते विचारतं, 'बदल जतन करायचे का?' नाही म्हटलं, की दिवसभराचं सगळं साफ, वायफायचा पासवर्डसुद्धा.

आणि मुलगी जाताना आईला बजावून गेलेली, की कॉम्प्युटरनं काहीही विचारलं तरी नाहीच म्हणायचं, फसवणारे फार असतात. मावशी शब्दाच्या पक्क्या. रोज मला नाही म्हणायच्या आणि रोज सकाळी मी कोरा करकरीत. मग बिचाऱ्या चष्मा चढवून वायफायचं नाव शोधायच्या, जाड कागदावर लिहिलेला सोळा अक्षरांचा पासवर्ड एका बोटानं टाइप करायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शुक्रवारी अकराला मुलीचा व्हिडिओ कॉल होता. त्यानंतर चार महिने जहाज भर समुद्रात, बोलणं बंद. दहाला मावशींनी मला उघडलं, तर कागद गायब. सगळं घर पालथं घातलं. शेवटी आठवलं, काल खिशाचा साचा कापायला जो जाड कागद हाताशी आला, तो हाच! अर्धा पासवर्ड साच्यावर, उरलेला चिंध्यांच्या ढिगात. फतकल मारून त्यांनी तुकडे हुडकले, टाचण्यांनी जोडले. अकराला दोन मिनिटं कमी असताना वायफाय लागलं.

सगळा प्रकार ऐकून मुलगी हसता हसता रडायलाच लागली. "आई, अगं त्याला हो म्हणायचं. तो आपला आहे."

"मग तेव्हाच नाही का सांगायचंस?" मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी मला पहिल्यांदा 'हो' मिळालं. दुसऱ्या सकाळी मावशींनी सवयीनं चष्मा चढवला, टाचण्यांचा कागद पुढ्यात घेतला, आणि बघतात तर वायफाय आधीच लागलेलं. मग माझ्या बिजागरीवर हात ठेवून म्हणाल्या, "ओळखलंस होय रे मला?"

तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल, तर बंद करण्याआधी तो काय विचारतो ते एकदा वाचा. चार महिन्यांनी मुलगी पुन्हा पडद्यावर दिसेल, तेव्हा मावशींचं एक मिनिटही पासवर्डात जाणार नाही. तेवढं माझ्याकडे लागलं.