वसुधा मॅडमच्या समोरची खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. घाटकोपरच्या श्यामसुंदर सुतारांनी माझा सांगाडा सागवानातून घडवला आणि बैठक वेताने विणली. तिथून मी मुलुंडच्या एका कॉलेजात आले. पदवीनंतर पुढे काय, हे विचारायला येणाऱ्या मुलांसाठी तिथे एक छोटा कक्ष होता. त्या कक्षात वसुधा मॅडमच्या टेबलासमोर मी बावीस वर्षं उभी होते.

मित्रांनो, माझ्यावर कुणी आरामात बसत नसे. कुणाला वकिली करायची असे, कुणाला एमबीए, कुणाला बीएड. बहुतेकांना नक्की काय ते ठाऊकच नसे.

नाहूरची प्रांजल बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला वकील व्हायचं होतं, पण आजोबा अडून बसले होते. "त्यांनाच घेऊन ये," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुणाजी आजोबा माझ्यावर बसले. "बाई, माका वकिलांची भीती वाटता. गिरणीच्या खटल्यात माझी वर्सां गेली. आमचोच वकील काय बोलता, ता कधी कळाक नाय. माझ्या नातीन पण तसाच बोलूचा?"

मॅडमनी वाद घातला नाही. प्रांजलला म्हणाल्या, "फॉर्म भरायला अजून पंधरा दिवस आहेत. आधी चार दिवस कोर्टात जाऊन बस. आजोबांनाही ने."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तसं येऊन सांग. दुसरं शोधू."

पाचव्या दिवशी दोघं आली. "मॅडम, नुसतं बसून बसून वाट लागली," प्रांजल म्हणाली. "पण कोण काय बोलतंय, ते मी आजोबांना हळूच सांगत होते ना, तेव्हा वाटलं, मला हेच करायचंय."

आजोबांनी माझ्या हातावर थाप मारली. "कोर्टात काय चल्ला, ता माका पयल्यांदा समाजला. फॉर्म खय आसा तो?"

त्या वर्षी प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात हुकली. मॅडमनी तिला बसवून एकेक चूक समजून घ्यायला लावली. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला.

मग मॅडम निवृत्त झाल्या. सगळी माहिती मोबाईलवर मिळू लागली. कक्षाला कुलूप लागलं आणि मी जिन्याखाली गेले. वेत सुटला, अंगावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चढले. तीन वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या जूनमध्ये ओजस सर नव्याने आले. "माहिती असते हो मुलांकडे, पण बोलायला कुणी नसतं," असं शिपाई सोनूबाईंना सांगत त्यांनी मला बाहेर काढलं. नवा वेत विणून घेतला. आता कक्ष पुन्हा उघडलाय.

मित्रांनो, वेत सुटला म्हणून खुर्ची टाकून देऊ नका. आणि तुमच्या कॉलेजात अशी एखादी खुर्ची असेल, तर तिच्यावर जाऊन बसा. प्रश्न तयार नसला तरी चालेल. "मला काहीच कळत नाहीये," एवढंच म्हणा. माझ्यावर बसलेल्या कितीतरी जणांनी सुरुवात तिथूनच केली.