बेचाळीस बॅटऱ्या आणि सासूबाई

"जावईबापू, इथे काहीतरी कुजलंय," सासूबाई म्हणाल्या.

नाकवाले शेडच्या दुसऱ्या टोकाला वाकून एका बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरट-हिरवी भुकटी सोड्याच्या पाण्याने पुसत होते. मान वर न करता त्यांनी सांगितले, की फळ्यांखाली उंदीर मेला असेल, नंतर बघतो. सासूबाई दाराजवळ खुर्ची टाकून विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या.

"उंदीर नाही हा. नासक्या अंड्याचा वास आहे. तुम्हाला येत नाही?"

नासके अंडे म्हटल्यावर नाकवाल्यांचा ब्रश जागीच थांबला. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा एखादा कप्पा आतून बिघडला, की ती तापते, उकळते आणि नेमका हाच वास सोडते. त्यासोबत जो दुसरा वायू बाहेर पडतो, त्याला वासच नसतो, आणि त्याला एक ठिणगी पुरते. त्यांनी चार्जरच्या एकाही चिमट्याला हात लावला नाही. सरळ दाराकडे येऊन मेन स्विच बंद केला, सासूबाईंचा दंड धरून त्यांना बाहेर आणले आणि शेडची दोन्ही दारे सताड उघडली.

अर्ध्या तासाने ते आत गेले. एकेका बॅटरीला हाताची मागची बाजू लावत निघाले. तेविसावी अजून तव्यासारखी तापलेली होती, तिची एक बाजू फुगून आली होती. गेला तासभर ते तिच्यापासून चार पावलांवर काम करत होते.

बोटी दुरुस्त करणाऱ्या आणि हंगाम नसताना सांभाळणाऱ्या त्या यार्डात नाकवाल्यांना बावीस वर्षे झाली होती. हंगाम संपला की तळ्यातल्या बोटी पाण्याबाहेर निघून ताडपत्रीखाली जात आणि त्यांच्या बॅटऱ्या या शेडमध्ये येत. यंदा बेचाळीस आल्या होत्या. चार महिने नुसत्या पडून राहिल्या तर त्या मरतात. म्हणून त्यांना फळ्यांवर ओळीने मांडायचे, टर्मिनल घासून पेट्रोलियम जेली लावायची, पाणी उतरले तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि पाळीपाळीने चार्ज करायचे. हे सगळे त्यांच्याकडे. पूर्वी ते दारात उभे राहून नुसत्या वासावर सांगत, की तिसऱ्या ओळीतली एक बिघडते आहे, आणि ती बिघडलेलीच निघे. त्यावरून हे नाव पडले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. महिनाभराने लोक विचारू लागले, तेव्हा त्यांनी आला म्हणून सांगून टाकले. ज्याचे नावच नाकावरून पडले आहे, त्याने दुसरे काय सांगायचे? मग ते तसेच राहून गेले. दर तासाला बॅटऱ्यांना हात लावून बघायचे, ॲसिडची घनता नळीने तपासून वहीत लिहायची, असे त्यांनी चालवले होते. घरीही त्यांनी कुणाला कळू दिले नव्हते. बायको नर्स होती. ती कामावरून आली, की तुझ्या केसांना हॉस्पिटलचा वास येतो म्हणून ते तिला पूर्वी चिडवत. तेही त्यांनी चालू ठेवले होते, अंदाजाने.

तेविसावी सापडल्यावर यार्डाच्या अंगणात एका होडीवर दोघे बसले. सासूबाई म्हणाल्या, की परवा चहात नासके दूध पडले होते आणि तुम्ही कपभर पिऊन वर छान झालाय म्हणालात, तेव्हाच मला शंका आली होती. पण मग वाटले, माझ्याशी बोलायला नको म्हणून पीत असाल.

तसे वाटायला कारण होते. लग्न ठरताना त्या उघड म्हणाल्या होत्या, की ज्याच्या शर्टाची ॲसिडने चाळणी झाली आहे त्याला मी मुलगी देणार नाही. मुलीने ऐकले नाही. तेव्हापासून चौदा वर्षे जावई-सासूंचे बोलणे म्हणजे प्रवास कसा झाला आणि पाणी हवे का, एवढेच. या हिवाळ्यात त्या घरात पडल्या आणि पाय दुखावला, तेव्हा मुलीने त्यांना आपल्याकडे आणले, आणि दिवसभर एकटे ठेवायला नको म्हणून नवऱ्याबरोबर शेडवर धाडायला सुरुवात केली. दोघेही कुरकुरले होते.

"यार्डाच्या मालकीणबाईंना कळलं तर काम जाईल," नाकवाले म्हणाले. "दुसरं काही येत नाही मला."

सासूबाईंनी चष्मा पुसला.

"मी रोज येईन तुमच्याबरोबर. वासही घेईन. पण तुमचं खोटं सांभाळायला येणार नाही. ते तुमचं तुम्ही निस्तरा."

त्या संध्याकाळी त्यांनी आधी बायकोला सांगितले. भाजी चिरता चिरता तिने ऐकून घेतले. शेवटी सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "मला वॉर्डातून नोंदणीच्या खिडकीवर बदलून आठ महिने झाले. तिथे औषधाचा वास नसतो. तुम्ही रोज म्हणताय, केसांना येतो."

तिने सांगितले, की मी वाट बघत होते, तुम्ही आपणहून कधी सांगता याची. आणि आईला एकटे ठेवता येत नाही हे खरे, पण शेजारच्या काकू दिवसभर घरीच असतात.

"मग शेडवर का पाठवलंस?"

"आईच्या नाकातून काही सुटत नाही," ती म्हणाली. "लहानपणी मी कुठली गोष्ट लपवू शकले नाही." तिने सुरी पुन्हा हातात घेतली. "मला रोज भीती वाटायची."

सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना सगळे ऐकू आले असणार, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

मालकीणबाईंच्या ऑफिसात जायला नाकवाल्यांना आणखी तीन दिवस लागले. एकदा तर ते दारापासून परतले, कारण आत बोटी रंगवणारा रंगारी बसला होता. चौथ्या दिवशी ते उभ्या उभ्याच सगळे बोलले आणि दोन वर्षांच्या वह्या टेबलावर ठेवल्या. मालकीणबाई पाने उलटत राहिल्या. दर तासाची नोंद, बॅटरीचा नंबर, घनता, हाताला लागलेली ऊब. त्यांनी विचारले, आजाराच्या आधीच्या वह्या कुठे आहेत. नाकवाल्यांनी सांगितले, की तेव्हा लिहीत नव्हतो, नाकावर भागत होते.

"तुम्ही खोटं बोललात, ते मला आवडलेलं नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या दिवशी सासूबाई नसत्या तर आज मी तुमच्या बायकोसमोर काय तोंड घेऊन उभी राहिले असते?"

मालकीणबाईंनी वह्या बंद करून त्यांच्याकडे सरकवल्या. यापुढे दुसरे माणूस हजर असल्याशिवाय एकही चार्जर लागणार नाही, भिंतीवर गॅसचा अलार्म बसेल, मोठा पंखा येईल. आणि वही अशीच लिहायची. इतके बोलून त्यांनी फोन उचलला, म्हणजे जायला हरकत नव्हती.

यार्डातल्या बाकीच्यांना नाकवाल्यांनी स्वतःच सांगितले, जेवणाच्या सुट्टीत, सगळे एकत्र असताना. रंगाऱ्याने विचारले, की गेल्या वर्षी माझ्या नव्या रंगाला उग्र वास आहे म्हणून तुम्ही मला परत पाठवले होते, ते कशावरून? नाकवाले म्हणाले, तुझ्या वाकड्या झालेल्या तोंडावरून. सगळ्यात मोठ्याने रंगारीच हसला. दुसऱ्या दिवसापासून तो सासूबाईंना नाकवाल्या बाई म्हणू लागला आणि त्यांनी ते चालवून घेतले.

अलार्म बसला तरी सासूबाई येत राहिल्या. खुर्ची आता दाराबाहेर असे. पायाला ताकद आल्यावर त्या वही धरू लागल्या; नाकवाले आकडे सांगत, त्या लिहीत आणि अक्षर माझे बरे म्हणून दाखवत. तेविसाव्या बॅटरीच्या जागी नवी आली. हंगाम सुरू होण्याच्या आठवड्यात बेचाळीसही आपापल्या बोटींत गेल्या. एक वगळता सगळ्या बोटी पहिल्या झटक्यात चालू झाल्या. त्या एकीची बॅटरी ठणठणीत होती, डिझेलचा कॉकच कुणी उघडला नव्हता.

सगळ्यात मोठी बोट तपासायला पाण्यात न्यायची होती. नाकवाल्यांनी सासूबाईंना विचारले, येता का. त्या उभ्या आयुष्यात बोटीत बसल्या नव्हत्या. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून त्या बसल्या. किनारा मागे पडला.

"आई," नाकवाले म्हणाले. "आई" असे त्यांनी पहिल्यांदाच म्हटले. "कसला वास येतोय?"

सासूबाईंनी डोळे मिटले. घाईने सांगण्यासारखे ते नसावे.

"आधी डिझेलचा," त्या म्हणाल्या. "मग ओल्या दोराचा. पलीकडे कुणीतरी गवत कापलंय, तो. आणि पाण्याचा... थांबा. शाळेत पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर यायचा ना, तसा."

"आणि?"

"सांगते."

त्यांचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून नाकवाल्यांनी इंजिन अगदी हळू केले.