शंभरातले पाच

मिस्त्रींचं हृदय थांबलं तेव्हा ते गॅस-वेल्डिंगच्या ज्योतीनं एका फाटकाची बिजागरी जोडत होते. बायकोनं आधी दोन्ही सिलिंडरच्या चाव्या बंद केल्या, मग त्यांच्या छातीवर हात रोवून दाबत राहिली. ॲम्ब्युलन्स दारात आली तरी तिचे हात थांबेनात. हृदय परत चालू झालं, पण डोळे काही उघडले नाहीत. आता घशात नळी होती, उशाशी यंत्र होतं आणि वरच्या पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा निळा आकडा होता. पंचाण्णव.

तो आकडा धाकट्या दिरानं वाचला आणि घराण्याची अब्रूच धोक्यात आली.

"पंचाण्णवच? वहिनी, शेजारच्या खाटेवर नव्व्याण्णव आहेत! तो तर परका माणूस!"

बाहेरच्या बाकावर नातलगांची सभा बसली. आत्याबाई म्हणाल्या, "माझा भाचा काय कुठे कमी पडलाय? हे डॉक्टरच हात आखडतायत." मावसभावानं मोबाइलवरच्या ग्रुपात आकडा टाकला. उत्तरादाखल सतरा जणांनी हात जोडले आणि एकानं विचारलं, 'रिचेकिंग होतं का?'

दिराची सगळीकडे ओळख. जिथे ओळख नाही, तिथे ओळखीच्याची ओळख. तासाभरात रुग्णालयाच्या एका विश्वस्ताचा डॉक्टरांना फोन आला: "आपला माणूस आहे. शंभर द्या."

सिस्टर बाहेर आली. तिनं जागरणाचे डोळे चोळले. "चौऱ्याण्णव ते अठ्ठ्याण्णव, आम्ही मुद्दाम ठेवतोय. हृदय थांबलं होतं ना, मेंदू दुखावलाय. ऑक्सिजन कमी पडला तर वाईटच, पण गरजेपेक्षा जास्त झाला तरी त्याच मेंदूला इजा व्हायची भीती."

"जास्त दिल्यानं कुणाचं वाईट होतं होय?" दीर म्हणाला.

"तुम्ही जास्त फोन केलेत, त्यात डॉक्टरांचा राउंड राहिलाय."

वहिनी काचेतून आत बघत होती. तिला आकड्याशी देणंघेणं नव्हतं. ते जागे होतील का, झालेच तर आपल्याला ओळखतील का, एवढंच तिच्या पदरात गाठ मारून होतं.

दुपारी भेटीची वेळ झाली. सिस्टर पलीकडच्या खाटेकडे वळली, तसा दिरानं इकडेतिकडे पाहिलं आणि यंत्राच्या बटणाकडे हात नेला. "थोडासाच वाढवतो. कुणाला कळतंय?"

वहिनीनं त्याचं मनगट पकडलं. वीस वर्षं लोखंड धरलेला हात. दीर जागच्या जागी वाकला.

"भाऊजी, दुकानात कधी चावीला हात लावू दिला होता तुम्हाला?"

"अहो, पण ऑक्सिजनच आहे ना तो!"

"तोच आहे, म्हणून तर सांगतेय. जास्त सोडला की ज्योत फुसफुसते, पोलाद जळतं, जोड वरून चकाकतो आणि पहिल्या धक्क्याला तुटतो. ह्यांची ज्योत बघितलीय? निळी, आखूड, मुकी. मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, 'ज्योत ओरडली की समजायचं, बाई, लाड जास्त झाले.' आता हा जोड त्यांच्या डोक्यातलाय. तुमच्या अब्रूसाठी जाळू देणार नाही."

सिस्टर मागे येऊन उभी होती. तिनं दिराला दार दाखवलं. बाकावर बातमी पोचली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "बाईमाणसाला काय कळतंय यंत्रातलं!"

तिसऱ्या दिवशी झोपेचं औषध उतरवलं. वहिनी हात हातात घेऊन बसली. कामावर बसल्यासारखी ती हलक्या आवाजात गुणगुणत होती:

निळी माझी ज्योत। तिला नको फार वारा।
जोड धरू दे गं। नको घाई करू जरा॥

बोटं हलली. आधी काहीच कळेना. मग अंगठा आणि तर्जनी जुळून तिच्या तळव्यावर हळूच फिरली. अर्धा आटा, चावी आवळल्यासारखा. ती चावी जास्त उघडायची तेव्हा ते न बोलता असंच करायचे.

"बंद केलीय हो," ती म्हणाली, "घाबरू नका. आधीच बंद केलीय."

काचेपलीकडून दीर आकडा वाचत होता. दुपारी ग्रुपात त्यानं लिहिलं: 'शुद्धीवर आले. गुण पंचाण्णव नव्हे, शहाण्णव. फोनाफोनी कामी आली.'