नऊ क्लब आणि एक नडगी

मित्रांनो, मी एक जुना शिनगार्ड आहे, आणि एका जागी पडून राहायची मला सवय नाही. फुटबॉलवाले मोज्याच्या आत नडगीवर जी प्लॅस्टिकची ढाल घालतात, तो मी. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका छोट्या कारखान्यात साच्यातून निघालो. पुरता थंडही झालो नव्हतो, तोच एका बाईने आतून फोम चिकटवला. मग दुकान. मग कमलेशची बॅग.

कमलेश अंबरनाथचा, शिवमंदिराजवळ राहणारा. बचावपटू, डावी बाजू.

मग गोवा. मग कोलकाता. अर्धा मोसम शिलाँग. पुन्हा गोवा, पण दुसरा क्लब. थांबा, मध्ये केरळ राहिलं! बारा वर्षांत नऊ क्लब. नवा क्लब मिळाला की कमलेश चिकटपट्टीवर त्याचं नाव लिही आणि माझ्या आत, आधीच्या नावावर डकवी. मी जाड होत गेलो, मुरलो मात्र कुठेच नाही.

कौतुक? ते गोल करणाऱ्याचं. बचावपटूचं नाव चूक झाली तरच निघतं. एकदाच, कोझिकोडला, सामना संपल्यावर गोलकीपरने वाकून मला हात लावला होता. तेवढ्यावर मी दोन मोसम काढले.

यंदा कमलेशला चौतिसावं लागलं. कुठूनच फोन नाही. त्यात नडगीच्या हाडाला बारीक चीर. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे विश्रांती. आणि रविवारी बदलापूरला निवड चाचणी! एका मोसमाचा करार, बहुधा शेवटचा. कमलेशने काय केलं? जुन्या चपलेचा तळ कापून माझ्यात कोंबला.

त्याची बायको विनिता आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिने मला उचललं.

"हे काय रे?"

"गादी."

"मोडक्या हाडाला गादी? डोकं फिरलंय का तुझं?"

"विनी, एकच दिवस. सही झाली की बसतो ना आरामात."

"तू बसणार? लग्नात पाटावर दोन मिनिटं बसवलं नाही तुला!"

रविवारी प्रशिक्षक हेमचंद्र सरांनी विचारलं, "पाय ओके ना?"

"एकदम फिट, सर."

आम्हाला वाचा नसते, हे त्या दिवशी फार लागलं.

चाळिसावं मिनिट. प्रेम नावाचा तरणा विंगर मैदानाच्या कडेने सुसाट आला. "काका, साइड द्या!" कमलेश घसरला आणि चेंडू स्वच्छ काढून घेतला.

"हाच पाहिजे मला!" सर ओरडले. "सेकंड हाफ पण तूच!"

करार जवळजवळ हातात. आणि माझ्याखाली ते हाड... कसं सांगू... थरथरलं.

कमलेश उठला. दोन पावलं चालला. थांबला. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्वतःहून बाहेर जाण्यासाठी हात वर केला. रेषेबाहेर येऊन मोजा खाली ओढला, मला काढलं आणि सुजलेली नडगी सरांपुढे धरली.

"चीर आहे, सर. खोटं बोललो."

सरांनी वाकून सूज बघितली. "मला आत्ता माणूस हवाय रे, कमलेश."

"माहितीये, सर."

तो लंगडत निघाला. सही गेली, पाय राहिला.

मित्रांनो, हल्ली मी बॅगेत आहे. चुळबुळतो, कड बदलतो. पण एवढं ऐका. बाहेरून येणारी लाथ मी अडवीन, कितीही जोराची असो. आतलं दुखणं माझ्यामागे लपवू नका. तिथे माझं काही चालत नाही. दुखलं तर मोजा खाली करा. कुणाला तरी दाखवा.